सोमाजीचा बगळा

वासुदेवरावांच्या लेकीच्या, कौशल्याच्या, लग्नाला दहा दिवस उरले होते आणि इकडे सोमाजीच्या कंबरेत उसण भरली. तीही काही मोठं काम करताना नाही. ओट्यावर बसून तंबाखू मळता मळता चुन्याची डबी खाली पडली, ती घ्यायला तो वाकला आणि अर्ध्यातच अडकला. गोदावरीबाईनं लसणाचं तेल चोळलं, विटेचा शेक दिला. शेजारची ललिताबाई पायाळू होती, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली; अशा माणसाच्या लाथेनं उसण जाते म्हणतात. तिनं देवाचं नाव घेऊन सोमाजीच्या कंबरेवर तीन लाथा हाणल्या. वर चौथीही हाणली, तिची काही गरज नव्हती. ती बांधाच्या जुन्या भांडणाची असावी. पण गुण आला. पाचव्या दिवशी सोमाजी सरळ उभा राहिला, चालू लागला. फक्त त्याला वाकता येईना.

"नाही वाकता येत तं नोका वाकू," गोदावरीबाई म्हणाली. "साठी आली तुमची. आता कोनापुढं वाकायचं हाये तुमाले?"

"पत्रावळीपुढं," सोमाजी म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता हे पाणी का आलं ते सानगडी गावात कोणालाही कळलं असतं, पण बाहेरच्याला सांगावं लागेल. बावीस वर्षांपूर्वी सोमाजीचा तेजराम पाच वर्षांचा होता, तेव्हा त्याला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस. ऐन रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते, पण गावानं सोमाजीला बांधावर पाय ठेवू दिला नाही. कोणी सायकल मारत साकोलीहून औषध आणलं, कोणाच्या घरून रोज दूध आलं आणि एके दिवशी सकाळी वीस-पंचवीस माणसं न बोलावता त्याच्या भाताच्या बांधीत उतरून अख्खा रोवणा उरकून गेली. तेव्हा सोमाजी तळ्याच्या पाळीवरच्या मारुतीपुढे गेला आणि गावाच्या कानावर जाईल अशा आवाजात बोलला, "पोरगं उठलं तं या गावात जेवल्या हरेक माणसाची उष्टी पत्रावळ मी माझ्या हातानं उचलीन. एकबी सुटू देनार नाही."

पोरगं उठलं. तेव्हापासून सानगडीत लग्न असो, बारसं असो की तेरवी, पंगत संपली की सोमाजी धोतराचा काचा मारून हजर. प्रत्येकापुढे उकिडवा बसायचा, तोंडाकडे पाहायचा, "झालं का, बाप्पा?" विचारायचा आणि मान हलली की पत्रावळ उचलायचा. सगळं आटोपलं की तळ्यावर आंघोळ करून घरी. त्या संध्याकाळी सोमाजीइतका सुखी माणूस पंचक्रोशीत सापडला नसता.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो तेजराम आता सत्तावीस वर्षांचा, चिखल्याच्या मँगनीज खाणीत फिटर होता. पंप बिघडला की त्याला जमिनीखाली जावं लागे. सोमाजीचा जीव तिथं अडकला होता.

लग्नासाठी रजा काढून तेजराम घरी आला, तेव्हा बाप भिंतीला पाठ लावून खांबासारखा उभा होता.

"बाबा, एका लगनात नाही उचलल्या तं काय होते?"

"तू जमिनीखाली जाऊन राहिला न?"

"जातो."

"मी वरतं वाकलो नाही, तं तुले वरतं कोन आनंन?"

"दोर आनते! खाली-वर नेनाऱ्या पिंजऱ्याले ह्या मनगटाएवढा लोखंडी दोर हाये. त्याले मी सोता तेल घालतो. त्या दोराचा अना पत्रावळीचा काय संबंध?"

"हाये," सोमाजी म्हणाला.

पण बापाच्या डोळ्यांतली भीती खरी होती आणि तेजरामला ती पाहवेना. त्याचा नवसावर विश्वास नव्हता, अवजारावर होता. वाकता येत नसेल तर हात लांब करायचा, एवढाच तो प्रश्न. त्यानं अंगणात बसकण मारली.

पहिलं अवजार म्हणजे बांबूच्या टोकाला ठोकलेला खिळा. टोचायचं आणि उचलायचं. आता उचलून पाहायला उष्टी पत्रावळ हवी आणि उष्टी पत्रावळ हवी तर कोणीतरी जेवायला हवं. म्हणून तेजरामनं आईला आणि ललिताबाईला अंगणात पाट मांडून बसवलं आणि स्वतः भात वाढला. ललिताबाई जेवून तृप्त झाली. खिळ्यानं पत्रावळ उचलली खरी, पण दुसरी टोचताना पहिली बांबूवरून वर सरकली आणि तिच्यातली उरलेली कढी सोमाजीच्या कोपरापर्यंत आली.

"उद्या आनिक येऊ का?" ललिताबाईनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी लोहाराकडून लांब सांडशी आली. ती पत्रावळ दोन्ही बाजूंनी धरायची, पण अशी मधोमध दुमडायची की उरलासुरला भात बदकन खाली पडायचा. तिसऱ्या दिवशी ललिताबाई आपल्या भावजयीलाही घेऊन जेवायला आली. तेजराम विचार करत सायकलवरून तळ्याकडे निघाला, उतारावर ब्रेक दाबला आणि तिथंच थांबला. दांडा दाबत, सोडत ब्रेकचा चिमटा मिटताना-उघडताना बघत राहिला.

घरी येऊन त्यानं सायकलचा पुढचा ब्रेक सोडला. चार फूट बांबू घेतला. खालच्या टोकाला तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे दोन पंजे बसवले. खालचा पंजा चपटा, पत्रावळीखाली सरकणारा. वरचा बिजागरीवर हलणारा. वरच्या टोकाला मुठीपाशी ब्रेकचा दांडा आणि मधून तार. दांडा दाबला की पंजा मिटायचा, सोडला की स्प्रिंगनं उघडायचा. सोमाजी ताठ उभा राहिला, पंजा सरकवला, दांडा दाबला. कर्र! पत्रावळ आडवीच्या आडवी वर आली. शीत पडलं नाही की थेंब सांडला नाही.

सोमाजीनं पत्रावळीकडे पाहिलं, मग पोराकडे पाहिलं. त्यानं तेजरामच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. ललिताबाई तेवढ्यात म्हणाली, "तळ्यातल्या बगळ्यावानी दिसून राहिले तुमी." झालं, त्या अवजाराचं नाव बगळा पडलं.

पण सोमाजीला रात्री नवी शंका आली. नवस 'माझ्या हातानं' असा बोलला होता. मारुती म्हणाला, हा तुझा हात नाही, ही सायकल आहे, तर? दुसऱ्या दिवशी बापलेक पाळीवर गेले. पुजारी सेवकराम मारुतीला शेंदूर लावत बसला होता. त्यानं बगळा दोन-तीनदा दाबून पाहिला.

"देवाच्या दिव्याची वात आपन कायनं सारतो?" त्यानं विचारलं.

"काडीनं."

"मंग दिवा काडीनं लावला का तू लावला?"

"मी लावला."

"तसंच हे. पन हत्यार तुझ्या सोताच्या हातात पायजे. दुसऱ्यानं धरलं तं चालनार नाही." मग त्यानं बगळ्याच्या पंज्याला शेंदराचं बोट लावून दिलं.

लग्न लागलं. टेकचंदजी, म्हणजे नवरदेवाचे वडील, आंधळगावचे. त्यांचं मानपान लांबलं म्हणून गावच्या आणि बायकापोरांच्या पंगती आधी बसवल्या. त्या पंगतींत बगळ्यानं जे काम केलं, त्याला तोड नव्हती. सोमाजी ताठ मानेनं चालत जाई आणि कर्र, कर्र करत एकेक पत्रावळ तेजरामच्या हातातल्या बांबूच्या डालग्यात पडे. लोक उठायचे सोडून बघत बसले. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. एका म्हाताऱ्यानं, "माझी दोनदा उचल," म्हणून पत्रावळ परत मागून घेतली. बावीस वर्षांत सोमाजीच्या कामाकडे कोणी मान वर करून पाहिलं नव्हतं. आज त्याला अंमळ चढलीच. तो भरभर चालू लागला. समोरून जाण्याऐवजी ओळीच्या पाठीमागून जाऊ लागला, कारण हात आता चार फूट लांब होता. आणि उकिडवं बसायचं नसल्यामुळे तोंडाकडे पाहून "झालं का, बाप्पा?" विचारणंही आपोआप राहून गेलं.

मानाची पंगत शेवटी बसली. चाळीस वऱ्हाडी आणि मधोमध टेकचंदजी. हा सावकाश जेवणारा माणूस. वरण, भात, वांग्याची भाजी, वडे, सगळं त्यांनी चाटूनपुसून संपवलं होतं आणि बुंदी तेवढी शेवटाला खायची म्हणून पत्रावळीच्या कडेला ढीग लावून ठेवली होती. पण त्यांच्या फेट्याआडून तो ढीग सोमाजीला दिसला नाही. दिसली ती स्वच्छ पत्रावळ. टेकचंदजी तेव्हा शेजाऱ्याकडे वळून, तळ्याचं पाणी पहिल्यांदा कोणाच्या बांधीत जायला पाहिजे हे हात वर करून सांगत होते. सोमाजीनं त्यांच्या खांद्यावरून बगळा घातला. कर्र!

टेकचंदजींचं बोलणं संपलं. त्यांनी बुंदीसाठी हात खाली नेला. बोटांना जमीन लागली. त्यांनी थोडं डावीकडे चाचपलं, थोडं उजवीकडे चाचपलं. तेवढ्यात त्यांच्या नाकावर बुंदीची एक कळी पडली आणि त्यांनी वर पाहिलं.

"खाली ठेवा," ते म्हणाले. अजून आवाज शांत होता.

आता, घाबरलेला माणूस हातात ब्रेक असला तर काय करतो? दाबतो. आणि हा ब्रेक जेवढा दाबावा तेवढा पंजा घट्ट होत होता.

"सोडा म्हनतो न!"

"सोडून राहिलो बाप्पा!" सोमाजी दोन्ही हातांनी दांडा आवळत ओरडला. पत्रावळ टेकचंदजींच्या फेट्यावर थरथरत होती आणि एकेक कळी टपटप खाली येत होती.

टेकचंदजी उठले. मधला माणूस उठला की अख्खी पंगत उठते, हा रिवाज. चाळीस माणसं भाताचे हात घेऊन उभी राहिली. कोणाचा वडा अर्धा, कोणाची कढी तशीच.

"आमी जास्त खाऊन राहिलो असं वाटलं, तं तोंडानं सांगायचं होतं!" टेकचंदजी गरजले. "काठीनं ताट उचलता व्याह्याचं? जुंपा रे गाड्या!"

"बाप्पा, चूक झाली," वासुदेवराव हात जोडून मध्ये आले. "पन नवरी?"

"नवरी? त्या बगळ्याले द्या!"

कौशल्याला निघताना रडायचं होतंच. ती दोन तास आधी रडायला लागली. बँडवाल्यांना काय वाजवावं कळेना. आणि सोमाजी? ज्या गावानं आपलं पोरगं जगवलं, त्या गावच्या लेकीचं लग्न आपल्या हातानं मोडतंय, एवढंच त्याला दिसत होतं. त्यानं बगळा टाकला, कंबर विसरला, धावत गेला आणि टेकचंदजींच्या पायांवर कोसळला.

कंबरेत काहीतरी कट्‌ असं वाजलं.

"उठा," टेकचंदजी म्हणाले.

सोमाजी नुसता कण्हला.

"अवो उठा, पाया नोका पडू. मोठे आहा तुमी."

सोमाजीनं उठायचा जीव तोडून प्रयत्न केला आणि पडू नये म्हणून टेकचंदजींचे दोन्ही घोटे घट्ट धरले. टेकचंदजींना वाटलं, हा माणूस माफी मिळाल्याशिवाय उठणार नाही. असा हट्टाचा पश्चात्ताप त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"कोन हायेत हे?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

वासुदेवरावांनी सांगितलं. ताप सांगितला, रोवणा सांगितला, नवस सांगितला. सेवकराम पुजाऱ्यानं बाजूनं भर घातली, "पंगत अशी अर्धवट मोडली, तं नवस तुटलाच समजा."

स्वतःच्या एकुलत्या एक लेकाकडे, मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाकडे, टेकचंदजींनी एकदा पाहिलं.

"बावीस वर्स?"

"बावीस."

"बसा रे सगळे," टेकचंदजी म्हणाले आणि मांडी घालायला लागले. "अना वाढप्याले बलवा. माझी बुंदी गेली हाये."

पंगत पुन्हा बसली. पंगत उरकली. आणि सोमाजी तिथंच, हातापायांवर. इतके दिवस त्याला वाकता येत नव्हतं, आता उठता येत नव्हतं, आणि पत्रावळी उचलायला हे दुसरं दुखणं फारच सोयीचं होतं. तो रांगत निघाला. प्रत्येकापुढे तोंड नेऊन, कण्हत, पण तोंडभर हसत, "झालं का, बाप्पा?" विचारत त्यानं चाळीसच्या चाळीस पत्रावळी स्वतःच्या दहा बोटांनी उचलल्या. टेकचंदजींनी तर आपली पत्रावळ त्याच्या हाताशी सरकवून दिली.

मग चौघांनी त्याला उचलून मांडवाच्या कोपऱ्यात बाजेवर निजवलं. तेजरामनं उशाला आपला सदरा दिला. "आता आंघोळीचं?" सोमाजीनं विचारलं. "आंघोळ उद्या," तेजराम म्हणाला. आणि अशा रीतीनं बावीस वर्षांत पहिल्यांदाच सोमाजी पंगती संपल्यावरही मांडवात राहिला.

म्हणूनच त्याला ते दिसलं. चुलाण्यापाशी, धुराच्या काळ्या कनातीमागे, अजून एक पंगत बसत होती. पहाटेपासून भात रांधणाऱ्या, वडे तळणाऱ्या, वाढणाऱ्या आठ-दहा बायका. तांब्याभर पाणी पिऊन, घाम पुसून त्या आता जेवायला बसल्या होत्या. पदराला पीठ लागलेली गोदावरीबाई टोकाला होती, तिच्या शेजारी ललिताबाई. त्यांतल्या आनंदाबाईचं जेवण आधी आटोपलं. ती उठली आणि आपली पत्रावळ घेऊन उकिरड्याकडे निघाली.

"आनंदाबाई!" सोमाजी बाजेवरून ओरडला. "ठेवा ते खाली! पत्रावळ मी उचलतो!"

आनंदाबाई थांबली. "तुमी? तुमी कवा उचलली हो आमची?"

"म्हंजे?"

"तुमी तं तवा तळ्यावर आंघोळ करून राहता. आमची आमीच उचलतो."

सोमाजीचा चेहरा उतरला. "तेरवीच्या जेवनातबी?"

"तेरवीतबी."

"भागवताच्या भंडाऱ्यातबी?"

"तवा तं आमी पंधराजनी होतो," आनंदाबाई म्हणाली आणि पत्रावळ फेकून हात धुवायला गेली.

'एकबी सुटू देनार नाही' असं मारुतीपुढे बोललेला माणूस बाजेवर पडून हिशोब करायला लागला आणि पार गडबडला. एक-दोन नव्हे, दर पंगतीला आठ-दहा सुटत आल्या होत्या. म्हणजे नवस पहिल्याच वर्षी मोडला होता. त्यानं घाबरून तेजरामचा हात धरला, दंड चाचपला, खांदा चाचपला. पोरगं धडधाकट होतं.

"तेज्याच्या माय," त्यानं बाजेवरून बायकोला हाक मारली, "नवस तं कवाच तुटला होता. मंग हा जगला कसा?"

गोदावरीबाईनं वड्याचा तुकडा कढीत बुडवला. मान वर केली नाही.

"मी होती न," ती म्हणाली आणि घास तोंडात घातला.

तापाचे ते एकवीस दिवस सोमाजी मारुतीच्या पाळीवर होता, साकोलीच्या रस्त्यावर डोळे लावून होता, गावात ज्याच्या त्याच्या पाया पडत होता. पोराच्या कपाळावरची ओली पट्टी कोण बदलत होतं, मुठीएवढं पोरगं मांडीवर घेऊन भिंतीला टेकून रात्री कोण काढत होतं, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण ते घरातलं होतं. घरातल्या माणसाचं ऋणही नवसात धरायचं असतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि जिचे उपकार सगळ्यांत मोठे, तिचीच पत्रावळ त्यानं बावीस वर्षांत एकदाही उचलली नव्हती.

"तेज्या," तो हळूच म्हणाला. "बगळा आन. अना बाज तिकडं सरकव."

तेजरामनं मांडवाच्या खांबापाशी पडलेला बगळा पुसून आणला. बाज चुलाण्यापर्यंत ओढली. सोमाजीनं कुशीवर पडल्या पडल्या हात लांब केला. बगळा बरोबर गोदावरीबाईच्या पत्रावळीपर्यंत पोचला. त्यानं दांडा दाबला नाही. बायकोच्या तोंडाकडे पाहत राहिला.

बाकीच्या बायकांचा घास हातातच राहिला. ललिताबाईचासुद्धा.

"हे काय आता?" गोदावरीबाई म्हणाली. "मले जेवू द्या. झालं नाही अजून माझं."

"जेव. सावकाश जेव."

"हात दुखंन तुमचा."

"दुखू दे."

गोदावरीबाईनं लग्न झाल्यापासून कधी सावकाश जेवण केलं नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर, उरेल ते, भराभर. आज तिनं पत्रावळीकडे पाहिलं. पत्रावळ जवळजवळ रिकामी होती. मग तिनं नवऱ्याच्या लांबवलेल्या हाताकडे पाहिलं, पदरानं डोळ्यांत गेलेला धूर पुसला आणि पोराला हाक मारली.

"तेजराम, मले बुंदी वाढ रे."

तेजराम बुंदीची परात घेऊनच धावला. त्यानं मोठा ढीग वाढला. गोदावरीबाईनं मांडी बदलली, नीट बसली आणि एकेक कळी खायला सुरुवात केली.